दारू सुटली, तरी हात का थरथरतो?

पुणतांबे गोदाकाठचे, उसाच्या पट्ट्यातले गाव. त्याच राहाता तालुक्यातल्या लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. साखर काढल्यावर जी मळी उरते ती यीस्ट आंबवते आणि तिच्यातून अल्कोहोल मिळते. इथपर्यंतचे रसायनशास्त्र आपण वर्गात शिकवतो. पुढचे मात्र मुले घरात पाहतात.

महिना-दीड महिना एक थेंबही न घेतलेल्या माणसाचा चहाचा कप हिंदकळतो, रात्री झोप लागत नाही, उगाच घाम फुटतो. घरचे म्हणतात, "चोरून घेतोय." तो वैतागतो, आणि खरोखरच पुन्हा दुकानाकडे वळतो. म्हणून हे समजून घेणे अगत्याचे आहे.

अल्कोहोल मेंदूतील 'गाबा' या शांतवणाऱ्या रसायनाचे काम वाढवते आणि 'ग्लुटामेट' या उत्तेजक रसायनाचे काम दाबते. सायकलचा ब्रेक सतत दाबलेला असेल तर वेग राखण्यासाठी आपण पेडलवर जास्त जोर लावतो ना, तसेच मेंदू करतो. दारू थांबली की ब्रेक सुटतो, पण जोर तसाच राहतो. थरथर आणि घाम ६ ते २४ तासांत सुरू होतात. काहींना पहिल्या दोन दिवसांत आकडी येते. दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, आणि तो जीवघेणाही ठरतो. तेव्हा रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू 'तोडणे' हा उपाय नव्हे. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'मुक्तांगण'सारखी केंद्रे त्यासाठीच असतात.

हा जोर हळूहळू ओसरतो. तीव्र लक्षणे बहुधा आठवड्याभरात जातात, परंतु झोपेची घडी बसायला कित्येक महिने लागतात. चिडचिड आणि थकवाही असाच रेंगाळतो. थरथर मात्र आठवडे उलटूनही वाढतच असेल तर थायरॉइड, यकृत असे दुसरे कारण डॉक्टरांनी शोधायला हवे.

दुसरा धागा ब-१ जीवनसत्त्वाचा. त्याचा शरीरातला साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. दारूमुळे ते आतड्यातून नीट शोषले जात नाही, आणि पिणारा जेवतही नाही. मग पायांना मुंग्या येतात, चाल डगमगते, स्मृतीही बिघडू शकते. अशा रुग्णाला नुसते ग्लुकोजचे सलाईन लावणे धोक्याचे असते. ग्लुकोज वापरताना उरलेसुरले ब-१ खर्ची पडते, म्हणून ब-१ आधी किंवा सोबत देतात.

सगळ्या अवयवांचे वेळापत्रक एक नसते. यकृतातली साधी चरबी काही आठवड्यांत उतरू लागते. दारूने आकाराने मोठ्या झालेल्या तांबड्या पेशींना वेळ लागतो, कारण तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि जुन्या पेशी संपेपर्यंत तपासणीत फरक दिसत नाही. चेतातंतू सर्वांत संथ. तुटलेला तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. घोट्यापासून अंगठ्यापर्यंतचे अंतर २० सेंटिमीटर धरून किती दिवस लागतील, हे गणित नववीच्या वर्गाला घालावे. उत्तर २०० येईल, आणि तेही तंतू पुन्हा वाढलाच तर.