ओरखडा नखाला लागतो का?

उसाच्या पानात सिलिका असते, म्हणून त्याची कड कापते. गळीत हंगामात कागल परिसरात उसाच्या ट्रॉलीला खेटून गाडी काढली की दारावर रेघा उठतात. उरलेल्या रेघा आपणच पाडतो, कोरड्या फडक्याने धूळ पुसून.

गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. तळाला प्रायमर, मधे रंग आणि वर क्लिअर कोट, तो ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून पातळ. ओरखड्यावर पाणी टाका. रेघ दिसेनाशी झाली आणि नखही अडकलं नाही, तर जखम क्लिअर कोटपुरतीच आहे. गाडी धुऊन, सावलीत, मऊ फडक्याने रबिंग कंपाउंड हलक्या हाताने फिरवा. प्रत्येक घासणीत थोडा क्लिअर कोट जातोच, तेव्हा हौस आवरती घ्यावी. खोबरेल तेलाने रेघ लपते खरी, पण पुढच्या धुण्यापर्यंतच.

नख अडकलं, तर टच-अप रंग लागतो. नुसता ‘पांढरा’ मागू नका. बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली रंगाचा कोड असतो, तो दाखवा. बारीक ब्रशने पातळ थर द्या, प्रत्येक थर वाळू द्या. मेटॅलिक रंगाचा ठिपका मात्र जवळून ओळखू येतोच.

पत्रा उघडा पडला असेल, तर पावसाळ्याआधी प्रायमर लावायलाच हवा. प्लॅस्टिकचा बंपर गंजत नाही; त्याचं काम हंगाम संपल्यावर काढलं तरी चालतं.