पदवीनंतर आणखी काय शिकावयाचे?

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील आपल्या मराठी घरांतील अनेक मुलेमुली संगणकाची पदवी घेऊन सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशाची वाट धरीत आहेत. "चार वर्षे संगणकच शिकला ना? मग कर्ज काढून आणखी काय शिकावयाचे?" हा पालकांचा प्रश्न आमच्या कानी वरचेवर येतो. तो रास्त आहे; म्हणूनच त्याचे उत्तर मुळापासून पाहणे इष्ट ठरेल.

१९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील गार्मिश येथे 'नाटो'च्या विज्ञान समितीने एक परिषद भरविली. त्या काळी संगणकयंत्रे झपाट्याने सुधारत होती. परंतु त्यांना चालविणाऱ्या मोठमोठ्या आज्ञावल्या मुदतीत पुऱ्या होत नसत, खर्च हाताबाहेर जाई आणि दोष उरत ते निराळेच. पूल बांधणारा अभियंता जी शिस्त पाळतो तीच येथेही हवी, या विचारातून 'सॉफ्टवेअर अभियांत्रिकी' हे नाव रूढ झाले. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेतील सिएटल विद्यापीठाने या विषयाचा स्वतंत्र पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला.

हा विषय केवळ गणिताचा नव्हे, माणसांचाही आहे. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आय.बी.एम.मधील आपल्या अनुभवावरून १९७५ साली दाखवून दिले की, रखडलेल्या कामावर नवी माणसे घातली तर ते अधिकच रखडते. नवख्यांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो. शिवाय दहा जणांत आपसांतील जोड्या ४५ होतात, तर वीस जणांत १९०. इतक्या जणांत एकवाक्यता राखणे ही सोपी गोष्ट नव्हे.

आणि चूक झाली तर? 'थेरॅक-२५' या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथील सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांची मात्रा दिली; त्यांतील काही जण दगावले. पूर्वीच्या यंत्रांत असलेले यांत्रिक अटकाव त्यात काढून टाकून सारी भिस्त आज्ञावलीवर ठेवली होती, आणि तीत दोष होते. आज्ञावली लिहिता येणे निराळे आणि ती विश्वासास पात्र करणे निराळे, हे याहून स्पष्ट कसे व्हावे?

हे दुसरे काम शिकविण्याचा एक लक्षणीय प्रयत्न पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८९ मध्ये सुरू झाला. तेथील अभ्यासक्रमात व्याख्यानांच्या जोडीला 'स्टुडिओ' नावाचे प्रत्यक्ष कार्य ठेवले गेले. विद्यार्थ्यांचा गट खऱ्या ग्राहकाचे काम अंगावर घेतो. त्याची गरज समजून घेणे, आराखडा, वेळापत्रक, चाचणी हे सारे अनुभवी मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली पार पाडतो. ग्राहकाचे मन मध्येच बदलले तर काय करावे, हे पुस्तकापेक्षा येथेच अधिक उमगते.

तेव्हा पालकांस आमचे सांगणे इतकेच. विद्यापीठाचे नाव व शुल्क पाहालच. परंतु तेथे गटाने करावयाचे खरे काम आहे काय, तपासणी व चाचणी यांचे शिक्षण आहे काय, हेही आपल्या पाल्यास विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तरच कर्जाचा विचार करावा. नुसती नवी संगणकभाषा शिकावयाची असेल, तर ती घरी बसूनही येते.