सीड ठरलेला, मग निर्णय कुणाचा?

‘आपण सगळे एखाद्या सिम्युलेशनमध्ये तर नाही ना?’ हा विषय बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या कॅन्टीनमध्ये हमखास निघतो. १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसवलेल्या या गावात आज अनेकांना पगार मिळतो तोच चिपचं सिम्युलेशन चालवण्याचा. त्यामुळे हा प्रश्न इथल्या कामाच्या भाषेत समजून घेणं सोपं जातं.

मूळ युक्तिवाद

तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी २००३ साली हा युक्तिवाद मांडला. आपण सिम्युलेशनमध्येच आहोत असं ते म्हणाले नव्हते; चर्चेत हे हटकून विसरलं जातं. त्यांचं म्हणणं, तीनपैकी एक तरी गोष्ट खरी असणार: अशी सिम्युलेशन्स चालवण्याची ताकद येण्याआधीच बहुतेक संस्कृती नष्ट होतात, किंवा ताकद येऊनही त्या आपल्या पूर्वजांची सिम्युलेशन्स चालवत नाहीत, नाहीतर आपण जवळजवळ नक्कीच अशा एखाद्या सिम्युलेशनमध्ये आहोत. सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे: मन सिलिकॉनवरही चालू शकतं. ते नाकारलं की पुढचं काही उरत नाही.

चिप आधी खोटी चालते

चिप एकदा कारखान्यात गेली की चूक फार महाग पडते. १९९४ साली पेंटियम प्रोसेसरमध्ये भागाकाराची चूक सापडली आणि इंटेलला ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. म्हणून चिपचं डिझाइन आधी सॉफ्टवेअरमध्ये चालवून बघतात. हे काम भलतंच संथ. चिपचं घड्याळ सेकंदाला एक अब्ज ठोके देणारं असेल आणि सिम्युलेटर सेकंदाला हजार ठोके पुढे सरकत असेल, तर चिपच्या एका सेकंदासाठी आपले साडेअकरा दिवस जातात. डिझाइनला मात्र याचा पत्ता नसतो. त्याचा काळ त्याच्या ठोक्यांनी मोजला जातो. मध्येच सिम्युलेशन थांबवून कुणी जेवायला गेलं, तरी आतल्या हिशेबात एक ठोकाही चुकत नाही. आपलं विश्व असंच रखडत चालत असेल, तर ते आपल्याला आतून कळणार नाही.

सीड म्हणजे काय

चिपच्या डिझाइनची प्रत्येक टेस्ट हाताने लिहिणं शक्य नसतं. म्हणून नियम घालून देतात आणि त्या नियमांत बसणारे आकडे यंत्राला ‘रँडम’ निवडू देतात. संध्याकाळी रिग्रेशन, म्हणजे सगळ्या टेस्टची फेरी, लावून घरी जायचं, सकाळी येऊन किती टेस्ट फेल झाल्या ते बघायचं. गंमत अशी की हा रँडमपणा नावापुरताच असतो. सगळी आकडेमाळ एका सुरुवातीच्या आकड्यातून निघते; तो आकडा म्हणजे सीड. फेल झालेली टेस्ट त्याच सीडने पुन्हा लावली की तीच चूक त्याच ठोक्याला पुन्हा येते. तसं झालं नसतं तर बग शोधणं अशक्य होतं.

इच्छास्वातंत्र्याचं काय?

आपलं जग असंच सीडवर चालत असेल, तर आज चहा घ्यायचा की कॉफी हेही ठरलेलंच. पण ही धास्ती संगणकाने आणलेली नाही. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने १८१४ सालीच म्हटलं होतं की सगळ्या कणांची स्थिती आणि सगळी बलं जाणणाऱ्या बुद्धीला भविष्य भूतकाळाइतकंच स्पष्ट दिसेल. विश्व अणूंचं असो की बिट्सचं, प्रश्न तोच राहतो. क्वांटम अनिश्चिततेचाही आधार घेता येत नाही. फासे पडून झालेला निर्णय ‘माझा’ कसा म्हणायचा?

मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. सीड तोच ठेवून डिझाइनमधली एक ओळ बदलली, तर काल फेल झालेली टेस्ट आज पास होऊ शकते. निकाल सीडच्या पोटात आयता बसलेला नसतो, तो डिझाइनमधून जातो. बग नोंदवताना सीडचा आकडा देतात, पण दुरुस्ती डिझाइनची करतात. माणसाचा निर्णयही त्याच्या स्वभावातून, विचारातून, सवयीतून जात असेल, तर तो ठरलेला असूनही त्याचाच राहतो. ह्यूमपासून डेनेटपर्यंत अनेक तत्त्वज्ञांनी या अंगाने मांडणी केली आहे. काहींना हे स्वातंत्र्य तुटपुंजं वाटतं. मला ते पुरतं.

टिळक आणि बाहेरचा खेळाडू

मराठीत या प्रश्नाला थेट भिडणारं एक प्रकरण लोकमान्य टिळकांच्या १९१५ च्या ‘गीतारहस्या’त आहे: ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’. मन आणि बुद्धी प्रकृतीच्या, म्हणून कर्माच्या साखळीत. आत्मा मात्र त्या साखळीपलीकडचा, म्हणून स्वतंत्र, अशी टिळकांची दिशा. सिम्युलेशनच्या भाषेत हा खेळाबाहेर बसलेला खेळाडू होईल. बोस्ट्रॉमच्या चित्रात असा कुणी नाही. तिथे मनही आतलंच.

चिपच्या सिम्युलेशनमध्ये बाहेरून हात घालायची सोय असते. तिला ‘फोर्स’ म्हणतात. एखाद्या सिग्नलवर फोर्स लावला की आतलं लॉजिक काहीही म्हणो, आपण दिलेलीच किंमत तिथे राहते. पण ते लपत नाही: सिग्नलचा आलेख, म्हणजे वेव्हफॉर्म, उघडला की मागच्या कुठल्याही इनपुटमधून न निघणारी किंमत तिथे दिसते. बाहेरचा खेळाडू मेंदू हलवत असेल, तर एखाद्या पेशीत असाच कारणाविना उठलेला सिग्नल मिळायला हवा. मेंदूविज्ञानाला तो अजून मिळालेला नाही. यावर वेदान्ताचं उत्तर तयार आहे: आत्मा अकर्ता, तो कशाला फोर्स लावील? मग अकर्त्याचं स्वातंत्र्य चहा-कॉफीच्या निवडीत उतरतं कसं, हे त्या बाजूला सांगावं लागतं.