शाळा मुलांच्या मापाची

बँकेच्या नोकरीत अंगठा उठवणारे कितीतरी खातेदार मी पाहिले. व्याजाचा हिशेब ते तोंडी आणि बिनचूक करीत. मनात येई, ही माणसे शाळेत का टिकली नसतील?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याचे उत्तर कृतीनेच दिले होते. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले गुरे राखायला जातात ना, मग कुरणातच शाळा भरवली. थोरली बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. मोजायला खडे, बिया, शिंपले.

आज २००९ चा शिक्षणहक्क कायदा आहे, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही आहे. पण वर्गात एकाला कमी दिसते, दुसऱ्याच्या घरची बोली वेगळी, तिसऱ्याला अक्षरांशी झगडावे लागते. आणि धडा मात्र सर्वांना फळ्यावरचाच! तोच धडा कुणी ऐकावा, कुणी हाताळावा, कुणी करून दाखवावा, एवढी सोय शिक्षकाने आधीच योजली तर? नाहीतर मागच्या बाकावरचे मूल आधी गप्प होते, मग गैरहजर.