कसाव्याला सोबत हवी

१९८१ साली उत्तर मोझांबिकमधल्या नामपुला प्रांतात मोठा दुष्काळ पडला. बाकीची पिकं करपली, तग धरून राहिला तो कसावा. त्याच काळात गावोगावच्या बायकामुलांच्या पायांतलं बळ अचानक गेलं आणि पाय ताठ झाले ते कायमचे. हजाराहून अधिक रुग्ण सापडले. साथ संसर्गाची नव्हती. ज्या कंदावर लोक जगत होते, त्यातल्याच सायनाइडचा हा परिणाम होता. या आजाराला ‘कोंझो’ म्हणतात. काँगोत त्याची नोंद १९३८ सालीच झाली होती.

कसावा म्हणजे आपल्या साबुदाण्याचा कंद. हलक्या जमिनीत, कमी पाण्यावर येतो आणि लागेल तेव्हा उपटता येतो, म्हणून आफ्रिकेतल्या कोट्यवधी लोकांचं ते रोजचं अन्न आहे. १०० ग्रॅम कच्च्या कंदात सुमारे १६० कॅलरी मिळतात, म्हणजे बटाट्याच्या दुप्पट. क जीवनसत्त्वही बऱ्यापैकी असतं. प्रथिनं मात्र जेमतेम दीड ग्रॅम.

कंदात लिनामरिन नावाचं द्रव्य असतं. कंद किसला किंवा कुटला की पेशी फुटतात, लिनामरिनची गाठ विकराशी पडते आणि हायड्रोजन सायनाइड मोकळं होतं. ते उडून जायला वेळ लागतो. म्हणून कडू जातीचे कंद काही दिवस पाण्यात भिजवतात, आंबवतात, वाळवतात. दुष्काळात कंदातलं विष वाढतं आणि नेमकी तेव्हाच भुकेल्या घराला इतके दिवस थांबायची सोय नसते.

शरीराकडे या विषावर उतारा आहे. सायनाइडला गंधक जोडून ते निरुपद्रवी करता येतं. पण हे गंधक मिथिओनिन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांतून येतं. ती मासे, अंडी, दूध, कडधान्यांतून मिळतात, कसाव्यात फारच थोडी. ताटातली प्रथिनं संपली की विष पचवायची ताकदही संपते. कोंझो गरिबांनाच गाठतो तो यामुळे.

ऑस्ट्रेलियातले शास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी एक सोपा उपाय शोधला. कसाव्याचं पीठ ओलं करून चटईवर पातळ पसरायचं, उन्हात दोन तास किंवा सावलीत पाच तास ठेवायचं आणि मग शिजवायचं. विष बरंच कमी होतं, पण प्रथिनं वेगळी मिळवावीच लागतात. ती त्याच झाडाच्या पाल्यात भरपूर आहेत. मोझांबिकमध्ये ‘मटापा’ करतात: कोवळा पाला उखळात कुटून भरपूर शिजवायचा, त्यात शेंगदाण्याचं कूट आणि नारळाचं दूध. मला हा पदार्थ कंदापेक्षा मोलाचा वाटतो.

आपल्याकडेही दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, तेव्हा आजच्या केरळातल्या त्रावणकोर संस्थानाला कसाव्याने जगवलं. आजही केरळात उकडलेल्या कप्प्याबरोबर, म्हणजे कसाव्याबरोबर, तारलीचं कालवण असतं. कंद उकडल्याचं पाणी विषासकट ओतून देतात, तेही योग्यच.

साबुदाण्यात कंदाचा फक्त धुतलेला स्टार्च उरतो. विष जवळपास सगळं जातं, पण १०० ग्रॅममागे प्रथिनं एक ग्रॅमही राहत नाहीत. खिचडीत शेंगदाण्याचं कूट सढळ हाताने घालावं, त्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. खरी काळजी लहान मुलांची आहे. आजारातून उठलेल्या मुलाला अनेक घरांत दिवसचे दिवस नुसती साबुदाण्याची पेज देतात. पोट भरतं, अंग भरत नाही. दूध पचत असेल तर त्या मुलाला साबुदाणा दुधात शिजवून द्यावा, आणि भूक परतली की मुगाच्या वरणाकडे वळावं.