चंबलदेवी आणि तिची दोन लेकरे

वडवणी भागातून वेरूळ-अजिंठ्याची सहल करून आलेली मंडळी गावोगाव भेटतील. लेणी पाहून "केवढं काम केलंय हो!" असे सगळेच म्हणतात. पण झिजलेल्या, तुटलेल्या त्या मूर्तींची डागडुजी कोणी केली असेल, हा विचार तुमच्या मनात कधी आला का? १९५४ ते १९५८ या काळात औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पुरातत्त्व खात्यात राहून हे काम करणाऱ्यांत एक तरुण होता. त्याचे नाव राम वनजी सुतार.

धुळ्याजवळच्या गोंदूर गावी १९ फेब्रुवारी १९२५ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील सुतारकाम करीत. श्रीराम कृष्ण जोशी या गुरुजींनी मुलाच्या बोटांतले कसब ओळखले आणि त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट दाखविली. तेथे त्याने मूर्तिकामाचे मेयो सुवर्णपदक मिळविले. गुरुजी चांगले भेटले की पोराचे नशीब कसे पालटते पाहा!

पुढे दिल्लीची सरकारी नोकरी त्यांनी १९५९ साली सोडली. बांधलेला पगार सोडणाऱ्याला आपल्याकडे लोक काय म्हणतात, ते तुम्हाला सांगायला नको. पण याच सुमारास मध्य प्रदेशात चंबळ नदीवर गांधीसागर धरण उभे राहात होते. तेथे सुतारांनी ४५ फूट उंचीची चंबलदेवी घडविली. तीही काँक्रीटच्या एकसंध ठोकळ्यातून, छिन्नी-हातोड्याने! मातीचे काम चुकले तर पुन्हा लिंपता येते. काँक्रीटचा टवका एकदा उडाला की गेलाच. औताची दांडी तासताना हात जरा जड पडला तर काय होते, हे सुताराच्या घरात वाढलेल्या मुलाला वेगळे शिकवावे लागले नसेल.

त्यानंतर कामाला तोटा नव्हता. संसदेच्या आवारातले बसलेले गांधीजी त्यांचेच. गांधीजींचे त्यांनी घडविलेले अर्धपुतळे कितीतरी देशांत गेले. नर्मदाकाठी सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी खुला झाला, तो जगात सर्वांत उंच. त्याचे रूप सुतारांनी ठरविले; तो खुला झाला तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. १९९९ साली पद्मश्री, २०१६ साली पद्मभूषण आणि पुढे महाराष्ट्रभूषणही मिळाले. डिसेंबर २०२५ मध्ये, वयाची शंभरी पार करून, ते गेले.

सरदारांचा पुतळा पाहायला लोक लांबून जातात, जावेच. पण आमच्या मते शेतकऱ्याने पाहावी ती चंबलदेवी. तिच्याजवळ दोन लेकरे आहेत. एक मध्य प्रदेश, दुसरे राजस्थान. चंबळेचे पाणी दोघांनी वाटून घ्यायचे, म्हणून दोघांची आई एक. वरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचे, यावरून दर दुष्काळात होणारी ओढाताण तुम्ही पाहिली आहे. पैठणच्या उजव्या कालव्याने पाणी आले तरच माजलगावच्या धरणाला आधार मिळतो. गोदावरीच्या काठी अशी मूर्ती अजून कोणी उभी केलेली नाही.