आधी कोणता रस्ता?

आमच्या कॉलनीतला रस्ता खराब आहे हे सांगायला कोणा अभियंत्याची गरज नाही. आत शिरताना रिक्षावाल्याचा चेहरा पाहिला तरी पुरे. म्हणून यंदाच्या उन्हाळ्यात सोसायटीच्या सभेत ठरले की, सगळा रस्ता काँक्रीटचा करून मिळावा असा अर्ज द्यायचा. तो लिहिण्याचे काम अर्थातच माझ्या गळ्यात पडले. “तुम्ही मराठीचे प्राध्यापक, तुमच्या शब्दाला वजन,” चिटणीस म्हणाले. मीही कसर ठेवली नाही. ‘रहिवाशांच्या हालअपेष्टांना पारावार उरलेला नाही’ या वाक्यावर तर मी स्वतःच खूष होतो.

अर्ज मामांना दाखवला. मामा सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. त्यांनी तो शांतपणे वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “मराठी सुरेख आहे. पण अरे, यात रस्ता कुठे आहे?”

मग अर्जाच्या पाठीवर त्यांनी तीन रकाने आखले : खर्च, वाहतूक, धोका. पैसा नेहमीच थोडा आणि रस्ते नेहमीच फार. तेव्हा आधी कोणता, हे या तिन्हींचा मेळ घालून ठरवायचे.

वाहतूक मोजायची म्हणजे कोपऱ्यावर बसून बोटे मोडायची, अशी माझी समजूत. ती खोटी ठरली. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली देशातल्या रस्त्यांविषयी एक समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. गावाबाहेरच्या रस्त्यांसाठी या संस्थेने दिलेल्या कोष्टकात मोटार म्हणजे एक, स्कूटर अर्धी, बस किंवा ट्रक तीन आणि बैलगाडी चक्क आठ! हा मान वजनाचा नव्हे. मागून येणाऱ्यांना ती किती अडवते, त्याचा. शंभर मोटारी, दोनशे स्कूटर आणि दहा ट्रक गेले, तर रस्त्यावर दोनशे तीस मोटारींचा भार पडला असे धरायचे.

खर्चाचेही तसेच. नुसता आकडा पाहायचा नाही, त्या पैशात काय वाचते ते पाहायचे. वळणावरचा कठडा, रंगाचा पांढरा पट्टा, चौकातला एक दिवा ही कामे काँक्रीटपुढे चिल्लर. पण माणूस वाचतो तो कित्येकदा त्यांनीच. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, हे ध्यानात घेतले म्हणजे ही चिल्लर किती मोलाची ते कळते.

“आणि धोका कसा मोजायचा?” मी विचारले.

मामांनी राष्ट्रीय महामार्गांसाठी केलेली व्याख्या सांगितली. सुमारे पाचशे मीटरांच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे दगावली, की ती जागा ‘ब्लॅक स्पॉट’.

“म्हणजे आधी पाच अपघात व्हायला हवेत?”

मामा जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “महाडचा पूल आठवतो?”

कसा विसरेन? २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. सावित्री नदीला पूर आलेला. मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल कोसळला आणि दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसकट पाण्यात गेल्या. नवा पूल पुढच्याच जूनमध्ये वाहतुकीला खुला झाला. म्हणजे मनावर घेतले तर वर्षाच्या आत पूल होतो. मामा म्हणाले, “आदल्या दिवसापर्यंत त्या पुलावरून गाड्या जातच होत्या. जो पूल पडलेलाच नाही, तो अपघातांच्या यादीत येणार कसा? त्याच्यासाठी पुरापूर्वी जाऊन दगड, सांधे आणि पाया पाहावे लागतात.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्कूटरवर बसवून गावाबाहेरच्या एका ओढ्यावर नेले. ओढ्यावर फरशी, पलीकडे वस्ती, अलीकडे शाळा. फरशीला कठडा नाही, पाण्याची पातळी दाखवणारा खांबही नाही. पाऊस जोराचा झाला की पाणी फरशीवरून जाते.

“इथे वाहतूक किती?” मी विचारले.

“पावसाळ्यात मोजलीस तर शून्य. पाणी असले की मुले घरीच बसतात. रस्त्यावर न आलेला माणूस मोजणीत येत नाही. आणि अर्ज लिहायला त्यांच्याकडे प्राध्यापक नाही.”

ते शेवटचे वाक्य मला लागले. दोन्ही कामे एकाच तिजोरीतून व्हायची. आमच्या हालअपेष्टांचा पारावार म्हणजे गचके आणि धूळ. त्यांचा पारावार काय, ते त्या फरशीवर उभे राहिल्यावर सांगावे लागत नव्हते. माझा अर्ज जर फळला असता, तर तो त्या मुलांच्या पुढे घुसूनच.

घरी येऊन मी तो फाडला. नव्या अर्जात आमच्यासाठी खड्डे बुजवून मागितले. दुसरा अर्ज वस्तीतल्या मंडळींबरोबर बसून लिहिला : ओढ्यावर उंच पूल व्हावा आणि तो होईपर्यंत पावसाळ्याआधी कठडा व पातळीचा खांब बसवावा. त्यात विशेषण एकही नाही. मुलांची संख्या आणि फरशीवरून पाणी गेल्याचे दिवस तेवढे आहेत.

आमच्या चिटणीसांनी सही केली, पण नाराजीनेच. पंधरा दिवसांनी मात्र ते हळूच विचारत होते, “प्राध्यापक, त्या फरशीचे काही झाले का हो?”

कठडा बसला. पुलाचा कागद अजून फिरतो आहे. दर सोमवारी मी त्याची चौकशी करतो.